येणाऱ्याचं नाव

आमच्या भागातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, इथे बाहेरून आलेले लोक किती आहेत? पारावर बसलेला माणूस थोडा विचार करून सांगेल, 'फारसे नाहीत जी. दोनचार घरं वीटभट्टीवाल्यांची, बाकी सारे गावचेच.' आणि तो ज्या घरून जेवून आलेला असतो तिथे त्याला वाढणारी बायको मोर्शीची असते, आई आर्वीची असते, शेजारच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली काकू पांढुर्ण्याची असते. गावातली जवळजवळ प्रत्येक लग्न झालेली बाई बाहेरून आलेली. तिनं हे गाव लग्नाआधी एकदा पाहिलं असलं तरी पुष्कळ. २०११ च्या जनगणनेत देशातले ४५ कोटींहून अधिक लोक आपलं आधीचं गाव सोडून दुसरीकडे राहत असल्याची नोंद झाली. त्यांत सुमारे दोन तृतीयांश बायका होत्या आणि त्यांच्या येण्याचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न.

ओस पडत चाललेल्या मुलखात नवी माणसं कशी आणायची, हा प्रश्न आता जपानपासून इटलीपर्यंत विचारला जातो आहे. त्यावर समित्या बसतात, पैसे वाटले जातात, जाहिराती होतात. मी त्या सगळ्याबद्दल वाचते तेव्हा मला आधी सुना आठवतात. दरवर्षी, न चुकता, गाव नवी माणसं आणत आलेलं आहे. त्यांना रुजवायची त्याची रीत ठरलेली आहे. आता नेमकी तीच रीत तुटते आहे, आणि ती का तुटते हे नीट पाहिलं तर पुढचं बरंच काही कळेल असं मला वाटतं.

माझं माहेर नागपूरचं, महाल भागातलं. सासर नरखेड तालुक्यात. मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ की बाजारहाटाला माणसं सहज पांढुर्ण्याला जातात. लग्न होऊन गेले तेव्हा त्या गावात मी कोणालाच ओळखत नव्हते. पण पहिल्या आठवड्यात घराघरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं आणि प्रत्येक घरात एकच चौकशी, 'माहेर कोठचं? मावशी कोठी दिली? मामा कोण?' त्या चौकशीचा मला पहिल्यांदा राग आला होता. नंतर लक्षात आलं, बाया माझ्यासाठी नातं शोधत होत्या. कुठूनतरी धागा लागायचा. माझ्या मावशीची जाऊ त्यांच्या नणंदेच्या गावची निघायची. मग त्या म्हणायच्या, 'अवो, हे तर आपलीच हाय माय!' महिनाभरात मी कोणाची वहिनी होते, कोणाची काकू, एका माझ्याहून मोठ्या माणसाची मामी. पोळ्याच्या दिवशी बैल दारात आले तेव्हा ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं होतं. कापसाच्या पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा मी केली. अनोळखी माणसाला इतक्या लवकर जागा करून देणारी दुसरी व्यवस्था मी पाहिलेली नाही. मोठ्या शहरांत एकाच मजल्यावर वर्षानुवर्षं राहून शेजारचं आडनाव माहीत नसतं.

पण जे दिलं जात नव्हतं तेही सांगायला हवं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर सासऱ्यांच्या नावानं होतं. सातबारावर सासरे, त्यांचे भाऊ आणि आधीच्या पिढीतली मेलेली माणसं. ग्रामसभेला घरून पुरुष जायचे. विहिरीवर मोटर कोणती बसवायची, संत्र्याचा मृग बहार धरायचा की आंबिया, बगीचा ठोक्यानं द्यायचा की नाही, हे ओसरीवर ठरायचं आणि आम्हाला चहा करताना आतून ऐकू यायचं. गावानं मला नातं दिलं, काम दिलं, सणवारांत मान दिला. कागदावर मात्र माझं नाव कुठेच लिहिलं नाही. माझ्या सासूबाईंचं लिहिलं नव्हतं, त्यांच्या सासूबाईंचंही नव्हतं.

त्या पिढ्यांनी हे चालवून घेतलं, कारण पर्याय नव्हता. आताच्या मुलींना आहे.

दिवाळीनंतर नागपुरात वधू-वर परिचय मेळावे सुरू होतात. एका मेळाव्याला पुतण्याच्या कामानं गेले होते. मोठं सभागृह, दारात पुस्तिका विकायला ठेवलेल्या, स्टेजवर एकेक मुलगी येऊन माईकवर बोलत होती. शिक्षण, उंची, आणि मग अपेक्षा. नोकरीवाला, शक्यतो पुणे किंवा नागपूर. शेती असल्यास उत्तम. माझ्या शेजारी बसलेले काटोलकडचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, 'पोरीले वावर पाहिजे, वावरातला माणूस नाही पाहिजे.' हे वाक्य आता साऱ्या विदर्भात म्हटलं जातं, आणि बहुतेक वेळा मुलींना दोष देत म्हटलं जातं. मला त्या मुलींचं पटतं. त्यांनी आपल्या आईला पाहिलं आहे. संत्र्याला भाव पडला की घरातला ताण कोणावर निघतो, ते पाहिलं आहे. कर्जापायी माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बाईला कागदपत्रांसाठी किती उंबरठे झिजवावे लागतात, ते त्यांच्या शेजारी घडलं आहे. अशा मुलीनं बीएस्सी करून, डीफार्म करून, पुन्हा त्याच ओसरीच्या आत चहा करायला का यावं?

परिणाम मात्र गावावर होतो. आमच्या गल्लीत तिशी ओलांडलेले, बगीचा राखणारे, व्यसन नसलेले मुलगे लग्नाविना बसले आहेत. लग्न नाही म्हणून लेकरू नाही, लेकरू नाही म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घसरतो. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या आणि तेव्हापासून त्यांना जवळच्या मोठ्या समूह शाळेत मिसळायची भाषा सुरू आहे. शाळा गेली की उरलेली तरुण जोडपी काटोलला किंवा नागपूरला खोली करतात. आम्हीही मुलांच्या शाळेसाठीच नागपूरला आलो.

आकडे जिल्ह्याचे पाहिले तर हे दिसत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात माणसं घटली, तिथली चाकरमान्यांची बंद घरं सगळ्यांना माहीत आहेत. आपल्याकडे वर्धा जिल्हा जेमतेम ५ टक्क्यांनी वाढला, भंडारा साडेपाचच्या आसपास. नागपूर जिल्ह्याची वाढ १४ टक्क्यांहून अधिक दिसते, पण ती बेसा, वाडी, हिंगणा, कामठी रोड इथल्या नव्या लेआउटमधली वाढ आहे. जिल्हा भरतो आणि त्याच्याच कडेची गावं रिती होतात. नंतर जनगणनाच झाली नाही. ती २०२७ मध्ये होईल तेव्हा आपल्यासमोर काय येणार आहे याची मला काळजी वाटते.

बाहेरच्या देशांनी यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमधल्या आल्बिनेन या डोंगरातल्या चिमुकल्या गावानं २०१७ मध्ये मतदान घेऊन ठरवलं, की ४५ वर्षांखालचा जो कोणी राहायला येईल त्याला २५ हजार फ्रँक आणि प्रत्येक मुलामागे १० हजार द्यायचे. अट अशी, की किमान दोन लाख फ्रँकचं घर घ्यायचं किंवा बांधायचं आणि दहा वर्षं राहायचं, नाहीतर पैसे परत. इटलीत सिसिलीतल्या सांबूका गावानं २०१९ मध्ये पडकी घरं एका युरोच्या बोलीवर विकायला काढली आणि जगभर बातमी झाली. घेणाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत ती दुरुस्त करायची. घरं दुरुस्त झाली, गवंडी आणि सुतारांना काम मिळालं, आणि हे काही थोडं नाही. पण अशा ठिकाणी घर घेणारे कितीतरी जण उन्हाळ्याचे चार आठवडे येऊन राहणारे असतात. त्यांची मुलं गावच्या शाळेत जात नाहीत. दुरुस्त केलेलं कुलूपबंद घरही कुलूपबंदच असतं.

मला जास्त शिकवलं ते जपाननं. २०१४ मध्ये तिथे हिरोया मासुदा यांच्या पुढाकारानं एक अहवाल निघाला. देशातल्या सुमारे १८०० नगरपालिका आणि गावांपैकी ८९६ पुढे नाहीशी होऊ शकतात, असं त्यात म्हटलं होतं. देश हादरला. मला त्या आकड्यापेक्षा तो काढायची पद्धत महत्त्वाची वाटते. त्यांनी एकूण लोकसंख्या मोजली नाही, घरं मोजली नाहीत. २० ते ३९ वयाच्या बायका मोजल्या. २०४० पर्यंत ज्या ठिकाणी त्यांची संख्या निम्म्यावर येईल ते ठिकाण धोक्यात. म्हणजे आमच्या मेळाव्यातल्या स्टेजवर जे उभं होतं तेच त्यांनी मोजलं.

त्याच देशात तोयोओका नावाचं शहर आहे. नाहीसा झालेला करकोचा परत आणण्यासाठी ते प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये त्यांनी तो पुन्हा मोकळ्या आकाशात सोडला. करकोचा आणला, पण तरुण मुली परत येईनात. हिशेब मांडल्यावर दिसलं, की शिकायला बाहेर गेलेल्या मुलग्यांच्या संख्येच्या निम्मे तरी तरुण पुरुष विशीत शहराला परत मिळतात, मुलींच्या बाबतीत हे प्रमाण जेमतेम चौथा हिस्सा आहे. आणि त्या शहरानं याचा दोष मुलींना दिला नाही. कार्यालयांत बायकांना वरच्या जागा मिळत नाहीत, समारंभात त्यांनी पाणी द्यायचं आणि पुरुषांनी बोलायचं, हे मुली लहानपणापासून पाहतात आणि म्हणून परत येत नाहीत, असं तिथल्या महापौरांनी उघड सांगितलं. मग बायका-पुरुषांमधलं अंतर कमी करायचं धोरणच शहरानं आखलं. मी हे वाचलं तेव्हा ओसरी आणि चहा डोळ्यांपुढे आला. इतक्या दूरचं शहर आणि तीच गोष्ट.

कामियामा हे शिकोकू बेटावरचं गावही ध्यानात राहतं. तिथे गावकऱ्यांच्या संस्थेनं 'कोणीही या' असं म्हटलं नाही. गावाला कोणत्या धंद्याचा माणूस हवा ते आधी ठरवलं. पाववाला हवा, वेबसाइट करणारा हवा. रिकामं घर त्याच्यासाठी राखलं आणि त्या कामाच्याच माणसाला बोलावलं. पुढे टोकियोतल्या कंपन्यांनी तिथे छोटी कार्यालयं थाटली, २०२३ मध्ये तंत्रशिक्षणाची शाळाही सुरू झाली. येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून गावात काम होतं आणि घर होतं. सुनेला पहिल्या दिवसापासून नातं मिळायचं, तसंच काहीसं.

घराचा मुद्दा आपल्याकडे कोणी बोलत नाही, तो मात्र मोठा आहे. आमच्या गावात रिकामी घरं किती तरी. तरीही भाड्यानं एक मिळत नाही. शाळेवर नवीन शिक्षिका आल्या. त्यांना गावात राहायची खरंच इच्छा होती. पगार होता, मुलगा लहान होता, म्हणजे पटावर एक नाव वाढलं असतं. संडास आणि नळ असलेली दोन खोल्यांची जागा हवी होती. भल्या मोठ्या वाड्यांना कुलपं आहेत, पण एकेका वाड्यात दहा-बारा वारस. एक पुण्यात, एक रायपूरला, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. भाडं कोणी घ्यायचं, डागडुजी कोणी करायची, आणि भाडेकरू जागा सोडेल का, या भीतीनं कोणी कुलूप काढत नाही. त्या बाई काटोलहून अपडाऊन करतात. उपकेंद्राच्या नर्सबाईही अपडाऊन करतात. ग्रामपंचायतीचे सचिवही. गावाला बाहेरची माणसं नको आहेत असं नाही, त्यांना झोपायला जागा नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यामुळे हद्दीचे वाद थोडे मिटतील. पण वारसांचा गुंता ड्रोन सोडवणार नाही. तो घरातल्यांनी बसून सोडवावा लागतो.

हे सगळं म्हणत असताना मी नागपूरकर आहे हे मला विसरता येत नाही, आणि नागपूर हे तर बोलावून वसवलेलं शहर आहे. १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं बारा वस्त्या जोडून हे शहर वसवलं. शेतकरी, कारागीर, व्यापारी, हिंदू आणि मुसलमान, दूरदूरहून आणले, त्यांना जमीन दिली. भोसल्यांच्या काळात मराठी माणसं आली, कोष्ट्यांचे माग आले. १८६१ नंतर मध्य प्रांताची राजधानी झाली तसे कारकून आणि वकील आले, रेल्वेबरोबर बंगाली आले आणि धंतोलीत त्यांची दुर्गापूजा सुरू झाली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली आणि भंडाऱ्याकडून, छत्तीसगडातून मजूर आले. फाळणीनंतर सिंधी आले, जरीपटका उभं राहिलं. इतवारीच्या एका गल्लीतून चालत गेलं तरी ही सगळी माणसं भेटतात. माझ्या माहेरचा वाडाही कोण्या काळी पुण्याकडून आलेल्या कुटुंबाचा. आम्ही कोणीच इथले मूळचे नाही, आणि सगळे इथले आहोत.

आता हेच शहर आपली मुलं पुण्याला पाठवतं. धरमपेठ, रामदासपेठ, त्रिमूर्तीनगर, कुठेही संध्याकाळी फिरायला निघा. अंगणात झोपाळ्यावर दोन म्हातारी माणसं आणि फोनवर हिंजवडीतली सून किंवा टेक्सासमधला मुलगा. मिहान या विमानतळालगतच्या उद्योगप्रकल्पाकडे आम्ही डोळे लावून बसलो, एम्स आलं, आयआयएम आलं, समृद्धी महामार्ग झाला. थोडी मुलं परतही येत आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण नागपूरच्या ज्या आईबापांना पुण्यानं लेकरं नेल्याचं दुःख आहे, त्यांनी नरखेडच्या माणसाचं दुःख ओळखायला हवं. त्याची लेकरं आपण नेली.

गाव सोडलेल्या प्रत्येकाला ते सोडल्याचं दुःख झालं असं मात्र समजू नये. उत्तर नागपूरच्या कितीतरी कुटुंबांचे आजे-पणजे मिलमध्ये कामाला आले ते गावकुसाबाहेरचं जिणं सोडून. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावाबद्दल जे कठोर शब्द वापरले, त्यामागे हाच अनुभव होता. दीक्षाभूमीवर दर वर्षी जमणाऱ्या लाखो माणसांना 'गावाकडे चला' असं कोणत्या तोंडानं सांगणार? ज्या गावानं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, त्या गावात परत बोलवायचं असेल तर आधी गावाला बदलावं लागेल. सून आणि दलित मिल मजूर यांची दुःखं सारखी नाहीत, त्यांना एका मापानं मोजणं चूक ठरेल. पण दोघांनाही गावानं राबू दिलं आणि ठरवण्याच्या जागी बसू दिलं नाही, एवढं खरं.

आणि आजही गावात नवी माणसं येत आहेत. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण आपण त्यांना रहिवासी धरत नाही. संत्र्याची तोडणी, कापसाची वेचणी सुरू झाली की छिंदवाड्याकडून, बैतूलकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. पूर्वी हंगाम संपला की जायची. आता बरीचशी वर्षभर राहतात, कारण गावात राबायला हातच उरले नाहीत. ती वावरातल्या कोठ्यात राहतात, बगीचा राखतात, ओलित करतात. त्यांची मुलं बांधावर खेळत असतात, आणि दोन किलोमीटरवर शाळा पटासाठी झुरत असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं दाखला नसला तरी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे त्यांच्या गावचं रेशन इथल्या दुकानातही मिळू शकतं. कायदा त्यांना इथे राहू द्यायला तयार आहे. शिक्षिकाबाई स्वतः वावरात जाऊन काही मुलांना घेऊन आल्या, तेव्हा पालकांपैकीच कोणीतरी म्हणालं, 'ते लोक आपले नाहीत, आज हाय, उद्या नाही.' मला वाटलं, मी आले तेव्हा या गावानं माझ्या मावशीच्या जावेपर्यंत धागा शोधला होता. या लेकरांच्या आईला कोणी विचारलं का, बाई, तुझं माहेर कोणतं? आणि ज्या राजानं नागपूर वसवलं त्याचं देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. हा धागा काही लांबचा नाही.

इटलीच्या कालाब्रिया भागात रियाचे नावाचं गाव आहे. तरुण निघून गेले होते, घरं रिकामी होती. १९९८ मध्ये कुर्द निर्वासितांची एक बोट त्या किनाऱ्याला लागली. गावातल्या काही माणसांनी, त्यांत पुढे महापौर झालेले दोमेनिको लुकानो होते, त्या लोकांना रिकाम्या घरांत राहायला जागा दिली. विणकामाच्या, मातीकामाच्या खोल्या पुन्हा उघडल्या, शाळेत मुलं आली. नंतर राजकारण फिरलं, लुकानोंवर खटले झाले, बरीच माणसं पांगली. म्हणजे हे सोपं नाही आणि एकट्या माणसाच्या जिवावर टिकत नाही. पण दारात आलेल्या माणसाला रहिवासी म्हणायचं ठरवलं की गाव किती लवकर बोलू लागतं, ते तिथे दिसलं.

गावात नाव लिहायच्या वाटा आपल्याच मातीत आधी शोधल्या गेल्या आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावे करून द्यायचा. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे ही मोहीम पाहिलेली माणसं अजून आहेत. घराच्या नोंदीत नवराबायको दोघांची नावं लावायची सरकारी योजनाही बरीच जुनी आहे. कागद तयार आहे, रकाना तयार आहे. फक्त भरला जात नाही, कारण सचिवांकडे जाऊन ते कोणी मागत नाही.

आमच्या घरी ते मागायची वेळ आली ती पुतण्याच्या लग्नानं. मेळाव्यात जमलं नाही, पण ओळखीतून पांढुर्ण्याकडचं स्थळ आलं. मुलगी डीफार्म झालेली. पाहण्याच्या दिवशी तिनं भाऊजींना सरळ सांगितलं, 'मामाजी, मला गावात यायला अडचण नाही. मी समोरच्या खोलीत मेडिकल टाकीन. तुमच्या गावात औषधाचं दुकान नाही, आजूबाजूच्या तीन गावांतही नाही.' मग तिनं हिशेब सांगितला. दुकानाला किमान दहा चौरस मीटर जागा लागते, फ्रिज लागतो, आणि परवान्यासाठी जागेचे कागद लागतात. 'भाडेपत्रावरही परवाना मिळतो,' ती म्हणाली, 'पण मला माझं नाव घरावर पाहिजे. यांचं आणि माझं, दोघांचं.'

ओसरीवर कोणी काही बोलेना. भाऊजी चष्मा पुसत राहिले. मग आतून मोठ्याबाई, माझ्या चुलत सासूबाई, वयानं ऐंशीच्या पुढच्या, बाहेर येऊन पुरुषांच्या बरोबरीनं खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, 'पोरगी बराबर बोलून राहिली. आमाले कोणी इचारलंच नाही, नाही तं आमीबी हेच मागितलं असतं.'

घर अजून सासऱ्यांच्याच नावानं आहे. आधी वारसांची नोंद, मग माझ्या नवऱ्यानं आणि नणंदेनं आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र, ते नरखेडला नोंदवायचं, मग ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत फेरफार. नवऱ्यानं होकार लगेच दिला. नणंद अकोल्याला असते. तिला फोन केला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'वहिनी, त्या पोरीचं नाव लागावं, मी सही करते. पण त्या घरात माझंही नाव कधी लागलं नाही, आणि मी तर तिथे जन्मले. मागची खोली माझ्या नावानं राहू द्या. यांची रिटायरमेंट झाली की आम्हाला तिकडेच यायचं आहे.'

तिनं असं काही मनात धरलं आहे, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. वकिलांना सांगून हक्कसोडपत्राचा मसुदा थांबवला आहे. आता वाटणीपत्र करायचं ठरतं आहे: समोरच्या दोन खोल्या पुतण्या आणि त्याच्या होणाऱ्या बायकोच्या, मागची नणंदेची, आणि मधली, जिला संडास जोडून बांधायचा आहे, ती सध्या शिक्षिकाबाईंना भाड्यानं द्यायची का, यावर भाऊजींचं आणि माझ्या नवऱ्याचं बोलणं चालू आहे.